एमएक्सआर मायक्रो ॲम्प: एका नॉबच्या बूस्ट पेडलचा दोन गणेशोत्सवांतला अनुभव

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याची एक अडचण प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. मुखड्यात आणि अंतऱ्यात गिटारने मागे राहायचे असते. गायकाच्या आवाजाखाली कॉर्ड धरून ठेवायच्या असतात आणि दोन की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि सॅक्सोफोन यांच्यात कोठेही टोचायचे नसते. मग दोन अंतऱ्यांच्या मध्ये गिटारचा पीस येतो, आणि आतापर्यंत मागे राहण्यासाठी बेताने लावलेल्या त्याच आवाजाने आता सगळ्यांच्या पुढे यायचे असते. सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटगीतांमध्ये असे पीस जागोजागी आहेत, आणि कोल्हापूरचे श्रोते ते पीस तोंडपाठ असलेले श्रोते आहेत. मंगळवार पेठेतल्या एका मंडळाच्या कार्यक्रमात असाच एक पीस सुरू होताना मी ॲम्पचा आवाज वाढवण्यासाठी मागे वळलो, पहिल्या चार मात्रा हातच्या गेल्या, आणि उरलेला पीस वाजवून झाल्यावर आवाज पुन्हा खाली आणायचा राहून गेल्याने पुढच्या अंतऱ्यात गिटार गायिकेच्या आवाजावर चढली. त्या रात्रीनंतर मी बूस्ट पेडल, म्हणजे पायाने दाबताच गिटारची पातळी वाढवणारी छोटी पेटी, शोधू लागलो.

वाद्यांच्या दुकानांत मला तेव्हा ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, म्हणजे स्वर मुद्दाम खरखरीत करणारी पेडले, मिळत होती, पण स्वराचा पोत न बदलता फक्त पातळी वाढवणारे पेडल हवे आहे असे सांगितले की बहुतेक ठिकाणी पुन्हा डिस्टॉर्शनच पुढे केले जाई. अखेर सांगलीतल्या एका गिटारवादकाकडून, जे मल्टी-इफेक्ट युनिटकडे (अनेक पेडलांचे काम करणाऱ्या एकाच यंत्राकडे) वळले होते, मी एमएक्सआरचा मायक्रो ॲम्प साडेसहा हजार रुपयांना वापरलेला घेतला. त्यावर आता दोन गणेशोत्सव आणि दोन लग्नसराया झाल्या आहेत, त्यामुळे त्याच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

एमएक्सआर ही कंपनी कीथ बार आणि टेरी शेरवूड यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात सुरू केली. १९८७ पासून हे नाव डनलॉप कंपनीकडे आहे. मायक्रो ॲम्प हे त्यांचे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले पेडल. तळहातावर मावणारी फिकट पांढरी धातूची पेटी, वर एक नॉब, एक दिवा, एक स्विच, बस्स. आत एकच ऑपरेशनल ॲम्प्लिफायर चिप असते. मूळ रचनेत टीएल०६१ ही अतिशय कमी वीज खाणारी चिप आहे. नॉब पूर्ण डावीकडे असताना आलेला स्वर जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पूर्ण उजवीकडे नेल्यावर तो २६ डेसिबलपर्यंत वाढतो. डेसिबल हा आकडा ऐकायला लहान वाटतो, म्हणून त्याचा अर्थ येथेच सांगतो. ६ डेसिबल म्हणजे विद्युतदाब दुप्पट, २० म्हणजे दहापट आणि २६ म्हणजे जवळपास वीसपट. मांडवात गिटारचा पीस पुढे आणायला ४ ते ६ डेसिबल भरपूर होतात. याचा अर्थ असा की माझ्या कामाचा सगळा टप्पा नॉबच्या सुरुवातीच्या भागातच आहे, आणि नॉबवर आकडे नसल्याने ती जागा कानानेच शोधावी लागते.

घरी २० वॅटच्या साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर पहिल्यांदा लावला तेव्हा आवाज मोठा झाला, याखेरीज काहीही घडले नाही. ओव्हरड्राइव्ह विकत घेतल्यावर पहिल्या कॉर्डला जो आनंद होतो तो येथे मिळत नाही, आणि त्यामुळे अनेक जण अशी पेडले आठवड्याभरात विकून टाकत असावेत. मी मात्र दुसऱ्या दिवशी बराच वेळ पेडल चालू-बंद करत एकच स्वर ऐकत बसलो. खर्ज सुटला नव्हता, तीव्र स्वर टोचत नव्हते, आणि पेडल चालू असताना आवाज हाताने कमी करून दोन्ही पातळ्या सारख्या केल्या तर पेडल चालू आहे की बंद हे मला ओळखता येत नव्हते. क्लीन बूस्टची परीक्षा हीच, आणि त्या परीक्षेत हे पेडल पूर्ण उतरते.

खरा विषय पुढे आहे. बूस्ट पेडल गिटारपासून ॲम्पपर्यंतच्या पेडलांच्या साखळीत कोठे ठेवायचे यावर ते काय करणार हे ठरते, आणि माझ्या ओळखीच्या ज्या गिटारवादकांनी बूस्टला नावे ठेवली आहेत त्यांतल्या बहुतेकांनी ते चुकीच्या जागी ठेवलेले होते. मीही पहिले तीन महिने तसेच ठेवले होते. गिटारमधून निघालेली केबल प्रथम मायक्रो ॲम्पमध्ये, तेथून ओव्हरड्राइव्हमध्ये, मग प्रतिध्वनी देणाऱ्या डिलेमध्ये आणि मग ॲम्पमध्ये, अशी माझी मांडणी होती. पीस आला की मी बूस्ट दाबत असे, आणि गिटार मोठी होण्याऐवजी जाड व गुंतलेली होत असे. कारण सरळ आहे. ओव्हरड्राइव्हमधील डायोड स्वराच्या लाटेचे माथे एका ठराविक उंचीवर कापतात; आत कितीही मोठी लाट पाठवली तरी बाहेर येणारी उंची तेवढीच राहते, फक्त कापले जाणारे माथे रुंद होतात. म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या आधीचा बूस्ट स्वराची विकृती, म्हणजे खरखर, वाढवतो, स्वर लांबवतो, पण आवाज फारसा वाढवत नाही. रियाजाच्या खोलीत हा जाडपणा फार सुंदर वाटतो. मांडवात त्याच जाडपणामुळे गिटार की-बोर्डच्या स्ट्रिंगमध्ये विरघळून जाते.

ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी मायक्रो ॲम्प ठेवला तेव्हा सगळे बदलले. आता ओव्हरड्राइव्हने स्वराला जो आकार दिला आहे तो तसाच राहतो आणि तो अख्खा आकार वर उचलला जातो. डिलेच्या आधी ठेवण्यालाही कारण आहे. बूस्ट डिलेच्या नंतर असेल तर पीस संपताच पेडल बंद केल्यावर मागे रेंगाळणारे प्रतिध्वनी एकदम खाली पडतात आणि ते कानाला खटकते. बूस्ट आधी असेल तर शेवटच्या स्वराचे प्रतिध्वनी त्यांच्या गतीने विरत जातात आणि त्यांच्याखाली कॉर्ड शांतपणे सुरू होते. शाहूपुरीतल्या एका लग्नाच्या स्वागत समारंभात मी ही मांडणी पहिल्यांदा वापरली. पीस संपल्यावर आमच्या की-बोर्डवादकाने मान वळवून एवढेच म्हटले, “भावा, आत्ता ऐकू आलं बघ.” सहा वर्षे तो माझ्या शेजारी बसतो आहे.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, ॲम्पवर मात्र पहिली जागाच योग्य ठरते, आणि तो अनुभव वेगळा लिहायला हवा. राजारामपुरीत राहणाऱ्या एका मित्राकडे १५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प आहे. एका रविवारी दुपारी आम्ही त्याच्या ॲम्पचा आवाज अशा ठिकाणी लावला की हलके वाजवले तर स्वर स्वच्छ आणि जोरात छेडले तर कडेला किंचित खरखर. मग गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये फक्त मायक्रो ॲम्प ठेवला, ओव्हरड्राइव्ह नाही, डिले नाही, आणि नॉब साधारण मध्यापर्यंत नेला. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्याचा एक स्वर छेडून मी बोट तसेच दाबून ठेवले. स्वर विझला नाही. हळूहळू त्याच्या आतून वरचा स्वर उमलत आला, मग त्याच्याही वरचा. येथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणकार, खुलवताना ज्यांनी ऐकले असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. मायक्रो ॲम्प स्वतः जवारी देत नाही. ज्या व्हॉल्व्हमध्ये ती दडलेली आहे त्याच्यापर्यंत तो स्वर पुरेशा ताकदीने पोहोचवतो. गिटारवरचा आवाजाचा नॉब कमी केला की तोच ॲम्प पुन्हा स्वच्छ होई, म्हणजे पायाने पेडल चालू ठेवून सगळे रंग करंगळीने काढता येत होते. ती दुपार संपेपर्यंत पेडल बंद करावेसे वाटले नाही.

हाच प्रयोग घरच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर केला तर निराशा होते. तेथे इनपुटवर जास्त दाब गेला की स्वर एका क्षणी अचानक फाटतो. व्हॉल्व्हसारखा हळूहळू भरून येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे ट्रान्झिस्टर ॲम्प आहे किंवा जे थेट मिक्सरमध्ये वाजवतात, त्यांनी हे पेडल केवळ पीससाठी, ओव्हरड्राइव्हच्या नंतर, थोड्या वाढीवर वापरावे. ॲम्पला इफेक्ट लूप (प्रीॲम्पच्या पुढे पेडल जोडण्याची सोय) असेल आणि विकृती ॲम्पच्याच प्रीॲम्पमधून, म्हणजे त्याच्या पहिल्या टप्प्यातून, घेतली जात असेल, तर बूस्ट त्या लूपमध्ये ठेवणे सर्वांत उत्तम, कारण मग ते प्रीॲम्पच्या नंतर येते. काही लूपमध्ये पातळी आधीच बरीच जास्त असते आणि ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला ती झेपत नाही, त्यामुळे जोडल्यावर आधी जोरात वाजवून पाहावे.

मिक्सरचा विषय मांडवात सगळ्यांत नाजूक. साउंड सांभाळणारे साउंडचेकच्या वेळी आपल्या गिटारची जी पातळी ऐकतात तीच पातळी धरून फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) लावतात, आणि पीसमध्ये अचानक वाढलेला आवाज त्यांना चूक वाटतो. त्यांचा हात आपोआप फेडरकडे जातो आणि आपला बूस्ट तेथेच संपतो. दोनदा हे घडल्यावर मी पद्धत बदलली. आता साउंडचेकला प्रथम बूस्ट चालू करून पीसच वाजवून दाखवतो, चॅनेलवरचा लाल दिवा लागत नाही एवढी पातळी त्यांना धरायला सांगतो, आणि मग बूस्ट बंद करून कॉर्ड वाजवतो. आणखी एक गोष्ट त्यांना आवर्जून विचारावी: गिटारच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर लावला आहे का? लावला असेल तर आपण पायाने वाढवलेले ६ डेसिबल तो दाबून दोनवर आणतो, आणि गिटारवादक मात्र मंचावर आपल्या मॉनिटरवर समाधानी राहतो.

पेडलचा दुसरा एक उपयोग मला अनपेक्षितपणे सापडला. मी कार्यक्रमात दोन गिटार नेतो, एक सिंगल कॉइलची आणि एक हंबकरची (तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपचे हे दोन प्रकार), आणि पहिलीची पातळी दुसरीपेक्षा बरीच कमी आहे. सिंगल कॉइलची गिटार हातात असताना मायक्रो ॲम्प अगदी थोड्या वाढीवर कायम चालू ठेवला की दोन्ही गिटार एका पातळीवर येतात. तो चालू असताना लांब केबलचा परिणामही कमी होतो. गिटारच्या पिकअपमधून निघणारा स्वर दुबळा असतो, आणि दहा मीटर केबलमधून जाताना केबलच्या धारितेमुळे त्यातले तीव्र स्वर गळून जातात. बूस्टचा इनपुट पिकअपवर जवळजवळ भार टाकत नाही आणि आउटपुट पुढची केबल सहज हाकतो, म्हणून स्वराची धार टिकते. अट एवढीच की त्यासाठी पेडल साखळीत पहिले असले पाहिजे, आणि पीससाठी ते ओव्हरड्राइव्हच्या नंतर असले पाहिजे. एकाच पेडलने या दोन्ही जागा सांभाळता येत नाहीत. मी पीसची जागा निवडली. जुन्या पद्धतीचा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (स्वर खडबडीत करणारे पेडल) वापरणाऱ्यांनी बूस्ट किंवा बफर (पातळी न वाढवता स्वर पुढे हाकणारे सर्किट) त्याच्या आधी ठेवू नये, कारण त्या फझचा स्वभाव थेट पिकअपला जोडलेला असण्यावर अवलंबून असतो.

बूस्टच्या आधी जे काही गोंगाट करते ते सगळे बूस्टबरोबर वाढते, हे लक्षात ठेवावे. मांडवात ट्यूबलाइट, रोषणाईच्या माळा, कधी जनरेटर, आणि अर्थिंगची अवस्था मंडळागणिक वेगळी. सिंगल कॉइलमधून येणारी ५० हर्ट्झची घुरघुर पेडल दाबताच दुप्पट होते. पहिल्या गणेशोत्सवात मी एका स्वस्त ॲडॉप्टरवरून चार पेडलांना एकाच वायरने वीज देत होतो, आणि बूस्ट चालू केला की डिलेमधली बारीक शिट्टी स्पीकरमधून स्पष्ट ऐकू येई. मी पेडललाच दोष देत होतो. शेवटी मायक्रो ॲम्पमध्ये ९ व्होल्टची बॅटरी घातली, बाकीची पेडले तशीच ठेवली, आणि शिट्टी गेली. दोष वीज वाटून घेण्यात होता. त्यानंतर प्रत्येक पेडलला स्वतंत्र आउटपुट देणारा पॉवर सप्लाय घेतला, पण बॅटरीवर चालवणे हा मार्ग आजही चांगला आहे, कारण हे पेडल वीज फार कमी खाते. इनपुटची केबल काढली की बॅटरी सुटते, म्हणून कार्यक्रम संपताच केबल काढावी. बॅटरी बदलण्यासाठी तळाचे चार स्क्रू उघडावे लागतात, त्यामुळे मंचावर घाईत ते जमणार नाही. ॲडॉप्टर वापरायचा तर प्लगच्या मध्यभागी ऋण असलेला ९ व्होल्टचाच वापरावा.

एक गैरसोय खरी आहे. नॉब स्विचच्या अगदी जवळ, पेटीच्या माथ्यावर उघडा उभा असतो. दुसऱ्या गणेशोत्सवात शिवाजी पेठेतल्या मंचावर अंधारात पेडल दाबताना माझ्या चपलेच्या टोकाने नॉब अर्धा फिरला, आणि गिटार अशी किंचाळली की पुढच्या रांगेतल्या मुलांनी कान झाकले. त्यावर उपाय उद्यमनगरात मिळाला. माझे पेडलबोर्ड तेथल्याच एका वर्कशॉपमध्ये स्लॉटेड अँगलपासून केलेले आहे. त्याच कारागिरांनी स्टीलची बोटभर रुंदीची पट्टी घेऊन ती नॉबभोवती कमानीसारखी वाकवली, कडा कानशीने घासून गोल केल्या आणि पेडलच्या दोन बाजूंना बोर्डवर बोल्टने बसवली. पेडलला एकही भोक पडले नाही. नॉब बोटांनी फिरतो, पायाने फिरत नाही. मी नॉबच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपकाही दिला आहे. मांडवातल्या दिव्यांमध्ये तो उभ्याने दिसतो.

इतर बूस्टशी तुलना थोडक्यात करतो, कारण ती पेडले मी थोड्या दिवसांसाठीच वापरली आहेत. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे एलपीबी-१ हे साठच्या दशकाच्या अखेरीस आलेले एका ट्रान्झिस्टरचे पेडल जास्त वाढीवर स्वतःची थोडी खरखर मिसळते. काहींना तीच हवी असते. त्याच दशकात लंडनच्या डॅलस कंपनीने काढलेला रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर मुळातच वेगळ्या हेतूचा आहे: तो खर्ज कमी करून वरचे स्वर उचलतो आणि व्हॉल्व्ह ॲम्पला गाते करतो, रॉरी गॅलघर यांचा व्हॉक्स एसी३० बरोबरचा ध्वनी त्यातूनच घडला. आयबनेझचा ट्यूब स्क्रीमर ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून बूस्ट म्हणून वापरण्याची पद्धत सर्वश्रुत आहे, पण तो खर्ज कापून मधल्या पट्टीला उचलतो. मेटल वाजवणाऱ्यांना त्याने खर्ज आवळलेला मिळतो, आमच्यासारख्यांच्या पीसला मात्र तो नाकातून गायल्यासारखा करतो. मायक्रो ॲम्पमध्ये स्वराचा रंग बदलण्याची कोणतीही सोय नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांच्यासाठी याच कंपनीचा मायक्रो ॲम्प प्लस आहे, त्यात खर्ज आणि तीव्र यांचे वेगळे नॉब दिलेले आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर ओव्हरड्राइव्हवर जो स्वर मी अनेक महिने खपून बसवला आहे तो बूस्टने बदलू नये हीच माझी गरज आहे.

व्हॉल्व्ह ॲम्प असलेल्याने हे पेडल डोळे झाकून घ्यावे. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने ओव्हरड्राइव्हच्या नंतर जागा करून घ्यावे. फक्त घरी, हेडफोन लावून रियाज करणाऱ्याला त्याची गरज नाही, आणि ज्याच्या मल्टी-इफेक्टमध्ये प्रत्येक आवाजाची पातळी वेगळी साठवता येते त्याने आधी ती सोय वापरून पाहावी.

वापरलेले घेताना पेडल ॲम्पला जोडून नॉब सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. मध्ये करकर आली तर पोटेन्शियोमीटर (नॉबखालचा फिरणारा भाग) घासला आहे आणि तो बदलावा लागेल. स्विच निदान वीस वेळा दाबावा. मग तळाचे चारही स्क्रू पाहावेत. माझ्या पेडलचा एक स्क्रू इतर तिघांपेक्षा वेगळा होता, म्हणून मी सांगलीतच ते उघडायला लावले. आत कोणीतरी बॅटरीची वायर नव्याने जोडली होती, डाख चकचकीत आणि नीट होता, बॅटरी गळल्याचा डाग कोठेही नव्हता, आणि विकणाऱ्यांनी त्या वेगळ्या स्क्रूपोटी मागितलेल्या सात हजारांतले पाचशे रुपये स्वतःहून कमी केले.